दूध पावडर आणि बटर ऑइल परदेशात पाठवायचंय, नेमकं काय काय लागतं?

दूधसंकलन:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती. आमचा मध्यम आकाराचा प्लांट आहे, मुख्य माल स्किम मिल्क पावडर, सोबत बटर ऑइल आणि अलीकडे थोडं मोझरेला चीज. आतापर्यंत सगळं देशातच विकलं. आता बाहेरच्या एका खरेदीदाराने पावडरचं सॅम्पल मागितलंय, पसंत पडलं तर एक कंटेनर उचलतो म्हणतोय, आणि बाजार म्हणून त्याने युरोपियन युनियन, चीन आणि आखाती देश अशी तीन नावं घेतलीत. ओळखीचा एक फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतो की कंपनीचं लायसन्स, लॅबचा रिपोर्ट आणि इनव्हॉइस एवढ्यावर माल जातो, बाकीचं तो बघून घेईल. पण खरेदीदाराच्या मेलमध्ये व्हेटर्नरी हेल्थ सर्टिफिकेट, एस्टॅब्लिशमेंट नंबर (प्लांटचा मंजुरी नंबर), हीट ट्रीटमेंट डिक्लेरेशन असं बरंच काही लिहिलंय, त्यामुळे मला हे इतकं सोपं वाटत नाही. सुरुवात कुठून करायची? आधी ऑर्डर पक्की करायची की आधी मंजुरी? आणि हे सगळं फक्त प्लांटपुरतं आहे की गोठ्यापर्यंत जातं?

कागद_आधी:
दादा, फॉरवर्डरचं काम माल हलवायचं, मंजुरी मिळवून देणं त्याच्या हातात नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. दुग्धजन्य पदार्थ म्हणजे प्राण्यांपासून आलेला माल आणि त्याला तीन कुलपं असतात. पहिलं, तुमच्या देशाला त्या बाजारात तो पदार्थ पाठवायची परवानगी आहे का. दुसरं, तुमचा प्लांट त्यांच्या यादीत आहे का. तिसरं, प्रत्येक खेपेसोबत सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचं हेल्थ सर्टिफिकेट मिळतं का. पहिलं कुलूप उघडलेलं नसेल तर तुमचा प्लांट कितीही चकाचक असला तरी उपयोग नाही, ते दोन सरकारांमधलं काम आहे.

ईयूचंच घ्या. २०२१/४०४ या रेग्युलेशनच्या परिशिष्टांत कुठल्या देशातून कच्चं दूध आणि दुग्धजन्य पदार्थ येऊ शकतात याच्या याद्या आहेत, आणि एक यादी खास अशा देशांची आहे ज्यांच्या मालावर लाळ्या खुरकूतच्या धोक्यामुळे ठरावीक उष्णता प्रक्रिया झालेलीच पाहिजे. त्याशिवाय औषधांच्या अवशेषांसाठी देशाचा कंट्रोल प्लॅन ईयूने मान्य केलेला असावा लागतो, तो दुधासाठी वेगळा मान्य असावा लागतो, मांसासाठी आहे म्हणून दुधाला चालत नाही. हे दोन्ही जुळलं की मग प्लांट. तुमच्या देशाचं सक्षम प्राधिकरण, म्हणजे यासाठी नेमलेलं सरकारी खातं, तपासणी करून नाव पुढे पाठवतं, तुम्ही थेट अर्ज टाकून काही होत नाही.

चीनचं पण तसंच. तिथल्या कस्टम्सचा डिक्री (हुकूम) २४८ हा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला (१ जून २०२६ पासून त्याच्या जागी डिक्री २८०), त्यात दुग्धजन्य पदार्थ त्या १८ गटांत होते ज्यांच्या परदेशी उत्पादकाची शिफारस त्याच्याच देशाच्या प्राधिकरणाने करायची होती, कंपनीने स्वतः नोंदणी करायची सोय या गटांना नव्हती. आणि नोंदणी नंबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅकिंगवर छापायचा. चीनचे नियम बदलत राहतात, म्हणून नोंदणीच्या वेळी चालू आवृत्ती प्राधिकरणाकडूनच घ्या, कुणाच्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

आता तुमचा आधी ऑर्डर की आधी मंजुरी हा प्रश्न. माझं ठाम मत असं की या दोन्हीच्या आधी त्या देशाच्या हेल्थ सर्टिफिकेटचा कोरा नमुना हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा, प्रॉडक्शन हेड, दूध खरेदीचा माणूस आणि लॅब तिघांना एकत्र बसवून वाचा. कारण त्या कागदावर अधिकारी जे लिहून देणार ते माल तयार व्हायच्या आधी घडलेलं असावं लागतं. माल गोदामात पडल्यावर हीट ट्रीटमेंट बदलता येत नाही आणि दूध कुठल्या जनावराचं होतं तेही बदलता येत नाही.

दूधसंकलन:
हे तीन कुलपांचं पटलं. प्राधिकरणाकडे चौकशी टाकतो. पण हीट ट्रीटमेंटचं नीट कळलं नाही, आम्ही ७२ अंशाला १५ सेकंद पाश्चराइज करतोच की, मग अजून काय?

कागद_आधी:
ते रोजच्या सुरक्षेसाठी पुरेसं आहे, लाळ्या खुरकूतच्या विषाणूसाठी प्रत्येक वेळी पुरेसं धरत नाहीत. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या कोडमध्ये माणसाच्या खाण्यातल्या दुधासाठी पर्याय दिलेत, किमान १३२ अंश आणि किमान १ सेकंद, किंवा दुधाचा पीएच ७ च्या खाली असेल तर ७२ अंश १५ सेकंद एकदा, आणि पीएच ७ किंवा वर असेल तर तेच दोनदा. ईयूने आपल्या २०२०/६९२ मध्ये स्वतःची यादी केलीय, त्यात यूएचटी (क्षणभर अतिउच्च उष्णता) किमान १३५ अंश, निर्जंतुकीकरण एफ शून्य (जंतू मारण्याच्या क्षमतेचं माप) ३ किंवा जास्त, दुहेरी एचटीएसटी (म्हणजे तेच ७२ अंश १५ सेकंद दोनदा) असे पर्याय आहेत, शिवाय पावडरवाल्यांच्या कामाचा एक पर्याय म्हणजे एचटीएसटीनंतर पुन्हा ७२ अंश किंवा जास्त उष्णता आणि सोबत वाळवणं.

म्हणून तुमच्या लाइनवर काय काय होतं ते कागदावर मांडा. इव्हॅपोरेटरच्या (दूध आटवायच्या यंत्राच्या) आधी प्रीहीट आहे, ड्रायर आहे, हे सगळं होतं पण त्याची नोंद सिद्ध करता येते का? होल्डिंग ट्यूबची लांबी आणि फ्लो वरून काढलेला वेळ, थर्मोग्राफचा चार्ट, फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह किती अंशाला दूध मागे वळवतो त्याची चाचणी, थर्मामीटरचं कॅलिब्रेशन. इन्स्पेक्टर आला की तो पहिल्यांदा चार्टवरची बॅच आणि पोत्यावरची बॅच जुळवून बघतो. चार्टवर शाईची रेघ मध्येच तुटलेली आणि शेजारी कुणाची सही नाही, कारण लिहिलेलं नाही, तर त्या बॅचची ट्रीटमेंट सिद्ध झाली नाही असंच धरतात आणि ते बरोबरच आहे.

बेंचवरची:
मी डेअरी लॅबमध्ये काम करते त्यामुळे माझ्या बाजूचं सांगते, कारण गोठ्यापर्यंत जातं का हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा विचारलात तुम्ही. हो, जातंच. ईयूच्या सर्टिफिकेटमध्ये कच्च्या दुधाचे निकष येतात, गायीच्या दुधात ३० अंशाला प्लेट काउंट (जिवाणूंची संख्या) मिलीलिटरला १ लाखाच्या आत आणि सोमॅटिक सेल (दुधातल्या जनावराच्या पेशी, स्तनदाहात वाढतात) ४ लाखाच्या आत, आणि हे एका दिवसाचे आकडे नाहीत, प्लेट काउंटसाठी दोन महिन्यांची आणि सेलसाठी तीन महिन्यांची रोलिंग (पुढे सरकत जाणारी) भौमितिक सरासरी. म्हणजे ज्यांचं दूध त्या पावडरीत जातंय त्यांची नियमित सॅम्पलिंग आजपासून सुरू केली तरी सरासरी दाखवायला वेळ जाणारच. ऑर्डर आल्यावर हे सुरू केलं तर पहिली शिपमेंट हुकते.

दुसरी गोष्ट अफ्लाटॉक्सिन एम१, म्हणजे दुधात उतरणारं बुरशीचं विष. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा दुधात किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, ईयूची ०.०५, सरळ दहापट कडक. हे पाश्चरायझेशनने जात नाही, पावडर केल्यावरही राहतं. मूळ आहे बुरशी लागलेल्या खाद्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी१ मध्ये, म्हणून ईयूत दुभत्या जनावरांच्या मिश्र खाद्याला बी१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम ठेवलीय. प्लांटमध्ये कितीही टेस्ट करा, खाद्य ओलं साठवलं जात असेल तर पावसाळ्यानंतर आकडे वर जाणारच. पावडरचा रिपोर्ट वाचताना दुधाच्या मर्यादेशी तसाच ताडू नका, ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) धरलं तर १ किलो पावडरला साधारण ११ लिटर स्किम दूध लागतं, तेवढ्या पटीने ते घट्ट झालेलं असतं, त्यामुळे हिशोब परत दुधावर नेऊन बघावा लागतो. एवढ्या कमी पातळीवर रॅपिड स्ट्रिपचा भरवसा नको, ती संकलनावर चाळणी म्हणून ठीक आहे, सर्टिफिकेटसाठी एलसी-एमएसएमएस किंवा एचपीएलसी यंत्रावरची टेस्ट आणि लॅब आयएसओ १७०२५ (लॅबचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यताप्राप्त, आणि मान्यतेच्या व्याप्तीत नेमकी तीच टेस्ट, तेच मॅट्रिक्स (तपासायचा पदार्थ) आहे का ते बघा. दुधासाठी मान्यता आहे आणि रिपोर्ट पावडरचा, असं चालत नाही.

अँटिबायोटिक्स. बेंझिलपेनिसिलिनची मर्यादा दुधात किलोला ४ मायक्रोग्रॅम. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी औषधं तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायचीच नाहीत, त्याला मर्यादाच नाही, फक्त एक पातळी ठरवलीय जिच्या वर सापडलं की कारवाई होते, ईयूत ती ०.१५ मायक्रोग्रॅम आहे. एका गोठ्यातलं स्तनदाहाचं औषध टँकरभर दूध खराब करतं. म्हणून टँकर रिकामा करायच्या आधी टेस्ट, आणि प्रत्येक गोठ्याचं सॅम्पल वेगळं जपून ठेवायचं म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर मूळ सापडतं. हे करणाऱ्या प्लांटला निर्यातीचं ऑडिट सोपं जातं असा माझा अनुभव आहे.

साल्मोनेला या रोगजंतूसाठी पावडरमध्ये ईयूच्या निकषात ५ सॅम्पल, प्रत्येकी २५ ग्रॅम, एकातही सापडता कामा नये. पावडरमध्ये साल्मोनेला दुधातून कमी आणि प्लांटच्या आतल्या ओलाव्यातून जास्त येतो, ड्रायरच्या आजूबाजूला छतातून गळतंय, पॅकिंग रूममध्ये पाण्याने धुताय, तर तिथे लक्ष द्या. पॅकिंगच्या जमिनीचे, नाल्यांचे, पंख्याच्या पात्यांचे स्वॅब घेत राहा, फक्त तयार मालाचे नाही. बेबी फूडमध्ये जायची पावडर असेल तर क्रोनोबॅक्टर (बाळांना धोकादायक जिवाणू) पण येतो आणि खेळ पूर्ण बदलतो, इन्फंट फॉर्म्युल्याला साल्मोनेलासाठी ३० सॅम्पल लागतात. सुरुवातीला त्या बाजारात उतरू नका असं मी कळकळीने सांगेन.

मेलामिनचं (दुधात भेसळ म्हणून घातलं गेलेलं रसायन) पण कुठलाही खरेदीदार विचारेल, २००८ नंतर ते कायमचं यादीत आलंय. कोडेक्सची मर्यादा साध्या अन्नात किलोला २.५ मिलीग्रॅम, बाळांच्या पावडर फॉर्म्युल्यात १.

रीफर४०:
वरच्या दोघांनी मुख्य ते सांगितलं, मी शिपिंगचं. एचएस कोड (कस्टम्ससाठीचा मालाचा नंबर) आधी ठरवा कारण त्यावर ड्युटी, कोटा, सर्टिफिकेटचा नमुना सगळं अवलंबून असतं. स्किम पावडर ०४०२.१० मध्ये येते जोपर्यंत फॅट १.५ टक्के किंवा कमी आहे. कोडेक्सच्या २०७ नंबरच्या स्टँडर्डमध्ये पण स्किम पावडरला फॅट जास्तीत जास्त १.५ टक्के आणि ओलावा ५ टक्के. आता सेपरेटर (दुधातली साय वेगळी करणारं यंत्र) जरा ढिला पडला आणि फॅट १.६ झालं, तर घरात कुणाला कळत पण नाही, पण बाहेर तो माल वेगळ्या कोडचा झाला, नावही चुकीचं ठरलं. बटर ऑइल ०४०५.९०, मोझरेला ताजं असेल तर ०४०६.१०. आईस्क्रीम, बेबी फूड, केसिन हे चौथ्या चॅप्टरमध्ये नाहीतच, ते २१०५, १९०१ आणि ३५०१ मध्ये जातात, पण हेल्थ सर्टिफिकेट मागणारे देश केसिनलाही मागतात.

बटर ऑइलमध्ये पण नाव जपून. कोडेक्स २८० प्रमाणे अॅनहायड्रस मिल्क फॅट (एएमएफ) म्हणायचं तर मिल्क फॅट किमान ९९.८ टक्के, ओलावा ०.१ टक्क्याच्या आत, पेरॉक्साइड (फॅट खवट होण्याचं माप) ०.३ च्या आत. तूप किंवा बटर ऑइल असं लिहिलं तर ९९.६ चालतं आणि पेरॉक्साइड ०.६. लेबलवर एएमएफ लिहून ९९.६ चा माल भरलात तर तो निकृष्ट नाही, पण खोटं नाव दिलेला आहे. आणि ड्रममध्ये नायट्रोजन भरा, रस्त्यात पेरॉक्साइड वाढतो.

आता सर्टिफिकेट. त्यावर कंटेनर नंबर, सील नंबर, बॅच, प्लांट नंबर, वजन हे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगशी (जहाज कंपनीच्या मालपावतीशी) अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमचा एक कंटेनर दुसऱ्या बंदरावर अडकला होता, शिपिंग लाइनच्या एजंटने वाटेत सील बदललं आणि कुणाला कळवलंच नाही, सर्टिफिकेटवर जुना नंबर, मग नवीन सर्टिफिकेट येईपर्यंत माल उभा आणि डेमरेज (बंदरात अडकल्याचा दंड) चढतंय. तेव्हापासून आम्ही एजंटकडून लेखी घेतो की सील तुटलं तर त्याच दिवशी कळवायचं. ईयूमध्ये तर सही आणि शिक्क्याचा रंग छपाईच्या रंगापेक्षा वेगळा असावा लागतो, हेही बघतात. खेप यायच्या आधी आयातदाराने ट्रेसेस या ईयूच्या ऑनलाइन प्रणालीत सीएचईडी हा आयातीचा दाखला भरलेला असावा लागतो, ते त्याचं काम, पण त्याने भरलंय का हे तुम्ही विचारायचं. आणि सर्टिफिकेट माल प्राधिकरणाच्या ताब्यातून बाहेर जायच्या आधीच काढलेलं असतं, जहाज सुटल्यावर मागच्या तारखेने मिळत नाही.

लाकडी पॅलेट असतील तर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का. पावडरला कंटेनरमध्ये आर्द्रता शोषणारे डेसिकंट लटकवा, विषुववृत्त ओलांडून माल जाताना कंटेनरच्या छताला घाम सुटतो आणि वरच्या पोत्यांना गोळे होतात. बटर, चीजला रीफर (थंड कंटेनर) आणि सोबत डेटा लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र), गोठवलेलं बटर असेल तर उणे १८. लॉगर तुमचाच ठेवा, लाइनच्या आलेखावर भांडता येत नाही.

एलसीवर (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर) धंदा असेल तर त्याच्या यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे शिपमेंटनंतर २१ दिवसांत कागद बँकेत. म्हणून एलसीमध्ये हेल्थ सर्टिफिकेटच्या अटीचं शब्दांकन प्राधिकरण जे खरंच देतं त्याच्याशी जुळवून घ्या. खरेदीदार कधी कधी असं वाक्य टाकतो जे कुठलंच सरकार लिहून देत नाही, मग माल पोचतो आणि पैसे अडकतात.

चीजरूम:
मोझरेलासाठी थोडं. आखाती बाजारात हलाल सर्टिफिकेट लागतं आणि तिथे पहिला प्रश्न रेनेटचा (दूध फाडणाऱ्या विकराचा), वासराच्या पोटातलं आहे की सूक्ष्मजीवांपासून, वासराचं असेल तर जनावर हलाल पद्धतीने कापलेलं का. मायक्रोबियल किंवा फर्मेंटेशनचं कायमोसिन (रेनेटमधला मुख्य विकर) वापरता तर सप्लायरकडून हलाल कागद बॅचनिहाय घेऊन ठेवा. जिलेटिन वगैरे स्टॅबिलायझर मध्ये असेल तर तेच. सर्टिफिकेट देणारी संस्था तिकडे मान्य असलेलीच हवी, कुणीही दिलेलं चालत नाही. लेबल अरबीत, आणि उत्पादन व अंतिम तारीख मूळ पॅकवर छापलेली पाहिजे, वरून चिकटवलेला स्टिकर तारखेसाठी घेत नाहीत. पोचताना शेल्फ लाइफ किती उरलेली हवी हे खरेदीदाराकडून लेखी घ्या, ताज्या मोझरेलाला समुद्रातले दिवस फार जड जातात, म्हणून मी गोठवलेलंच पाठवा म्हणेन.

अमेरिकेचा विचार मनात असेल तर कच्च्या दुधाच्या चीजला किमान ६० दिवस आणि ३५ फॅरेनहाइटपेक्षा कमी नाही असं मुरवावं लागतं, तुमचं पाश्चराइज्ड असल्याने ते लागू नाही. पण प्लांट एफडीएकडे (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे) नोंदवावा लागतो, सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नूतनीकरण, तिथला यूएस एजंट, प्रायर नोटीस समुद्रमार्गे आलं तर पोचायच्या किमान ८ तास आधी, आणि तिथल्या आयातदाराने एफएसव्हीपी या परदेशी पुरवठादार पडताळणीच्या नियमाखाली तुमची पडताळणी केलेली असावी. त्यापलीकडे बटर, पावडर, बऱ्याच चीजना कोटा आणि आयातदाराकडे कृषी खात्याचं लायसन्स लागतं. द्रव दूध आणि क्रीमला तर १९२७ च्या इम्पोर्ट मिल्क अॅक्टखाली परमिट, ते तुमचं नाही.

दूधसंकलन:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं एका जागी कुठे मिळालं नव्हतं. अजून एक विचारतो. एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं म्हणणं की तुम्ही फक्त माल द्या, निर्यात मी माझ्या नावावर करतो, मंजुरीच्या भानगडीत पडू नका. यात अर्थ आहे का?

कागद_आधी:
व्यापारी निर्यातदार असू शकतो, त्यात गैर काही नाही, पण सर्टिफिकेटवर एस्टॅब्लिशमेंट म्हणून माल बनवणाऱ्या प्लांटचाच नंबर येतो. म्हणजे तुमचा प्लांट यादीत नसेल तर व्यापाऱ्याचं नाव लावूनही ईयू किंवा चीनला माल जाणार नाही. तो दुसऱ्या प्लांटच्या नंबरवर तुमचा माल घालतो म्हणाला तर सरळ नकार द्या. उघड झालं की त्या प्लांटची मंजुरी जाते, तुमची पुढची दारं बंद होतात आणि कधी कधी सगळ्या देशाच्या मालावर तपासणी कडक होते, त्यात ज्यांनी काहीच केलेलं नाही अशा शेतकऱ्यांचं दूध पण अडकतं.

बेंचवरची:
आणि माल परत बोलवायची वेळ आली तर कुठल्या बॅचमध्ये कुठल्या दिवशीचं कुठल्या संकलन केंद्राचं दूध गेलं हे तुम्हालाच सांगावं लागेल, व्यापारी सांगू शकणार नाही. एकदा कागदावर करून बघा, एक पोतं उचला आणि त्यावरच्या बॅच नंबरवरून मागे टँकरपर्यंत, टँकरवरून गोठ्यांपर्यंत जा, मग उलट दिशेने त्या टँकरचं दूध अजून कुठल्या कुठल्या पोत्यांत गेलं ते शोधा. ऑडिटर हेच करायला लावतात आणि घड्याळ लावून बसतात.

दूधसंकलन:
समजलं. आता असं ठरवलंय की खरेदीदाराला लिहितो की नेमका कुठला एक देश ते सांग, कारण तिन्ही एकदम करण्यात अर्थ नाही. त्या देशाच्या सर्टिफिकेटचा नमुना प्राधिकरणाकडून मागवतो आणि कच्च्या दुधाचं सेल काउंट, प्लेट काउंट सॅम्पलिंग पुढच्या आठवड्यापासून संकलन केंद्रनिहाय चालू करतो. कागद_आधी, पावडरच्या लाइनचा आराखडा काढला की इथे टाकू का, प्रीहीटची नोंद दुसरा पास (दुसऱ्यांदा तापवणं) म्हणून टिकेल का ते बघाल?

कागद_आधी:
टाका. होल्डिंग ट्यूबचा व्यास, लांबी, जास्तीत जास्त फ्लो आणि सेन्सर कुठे बसवलेत तेवढं जरूर लिहा, सेन्सर ट्यूबच्या सुरुवातीला असेल तर आधी तो शेवटाला न्यावा लागेल. कच्च्या दुधाचा पीएच पण लिहा. शेवटचा शब्द तुमच्या प्राधिकरणाचाच, पण त्यांच्याकडे जायच्या आधी काय कमी आहे ते इथे नक्की सांगता येईल.